काळ्या राखेविरुद्धची दरखास्त

दादा, तुझ्या परसातल्या भिंतीला पाठ लावून बसले आहे. परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी गेले, पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या. वहिनीला आत्ताच डोळा लागलाय, लागू दे. मांडवात सगळ्यांनी तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द बोलून घेतले. कोणी म्हणालं शांत स्वभावाचा माणूस, कोणी म्हणालं आपल्या वस्तीतला पहिला एमएस्सी. धाकटी बहीण म्हणून माझ्याही हातात माइक दिला. मी 'जयभीम' म्हटलं आणि खाली बसले. वर्गात पन्नास पोरांचा आवाज दाबणारी मी मास्तरीण, आणि एका शब्दावर माइक परत दिला. जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतंच. ते फक्त तुझ्याशी बोलायचं होतं, आणि तू तर त्याच्या आठ दिवस आधीच निघून गेला होतास.

गोष्ट दरखास्तीची आहे. तुला माहीत आहे कोणत्या.

आधी बाबांची आठवण काढते, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच आहे. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात राबून बाबा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या तहसील कचेरीत चपराशी झाले. कचेरीचं सगळं काम तेलुगूत, आणि आपली वस्ती मराठी. पेन्शन असो, रेशनकार्ड असो, लोक बाबांकडे यायचे आणि बाबा तुला पुढे करायचे. शाळेतून आलास की तू ओट्यावर बसून तेलुगूत दरखास्ती लिहायचास. मी शेजारी बसून तुझी गोल गोल अक्षरं बघायचे. एका उन्हाळ्यात तू मला ती सगळी शिकवलीस, फरशीवर, ओल्या बोटाने. वाळायच्या आत वाचायचं, नाहीतर डोक्यात टपली. माझं तेलुगू आजही चांगलं आहे ते त्या टपल्यांमुळे.

दरखास्त पूर्ण झाली की बाबा बोट ठेवायचे ते डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली. तिथे 'दस्तूरी' लिहून लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं. निजामाच्या काळापासूनची पद्धत. सही मागणाऱ्याची, पण अक्षर कोणाचं तेही कळलं पाहिजे. "मागनारा येगळा, लिहिनारा येगळा," बाबा म्हणायचे. "पन लिहिनाऱ्यानं लपाचं नाही." आता कोणी तसं लिहीत नाही. कॉम्प्युटरवर छापून आणतात. आपण दोघं मात्र लिहायचो. माझी तर सवयच झाली होती, शाळेच्या रजेच्या अर्जावरसुद्धा हात खाली डाव्या कोपऱ्याकडे जायचा.

पुढे तू थर्मलमध्ये, कोळशाच्या वीजकेंद्रात, केमिस्ट झालास. बोथपासून तीन तासांवर. शनिवारी घरी यायचास तेव्हा कपाळावर हेल्मेटचा वळ असायचा. लग्नानंतर एकदा मी आणि अशोक तुला भेटायला क्वार्टरवर आलो होतो. चिमणीकडे बघून मी म्हटलं होतं, "दादा, धूर तं दिसूनच नाही राह्यला. तुझं काम तं मस्त चालू हाय." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी फरशीवरचं अक्षर उलटं काढलं होतं.

"दिसते ते जाड असते," तू म्हणालास. "ते नाकात अटकते, नाही तं खाली पडते. बारीक असते ते दिसत नाही. ते थेट फुफ्फुसात जाऊन बसते."

मग तू मला ईएसपी समजावून सांगितलंस. चिमणीच्या आधी घराएवढ्या पेट्या, आत पत्र्यांच्या ओळीच ओळी, त्यात जबर वीज. राख पत्र्याला चिकटते. मग हातोडे पत्र्यांवर पडतात आणि राख खाली झडते. एखाद्या पेटीची वीज गेली की तेवढी बारीक धूळ सरळ वर निघून जाते आणि खालून कोणाला काही दिसत नाही. ते पकडायचं तुझ्याकडे. चिमणीच्या अर्ध्या उंचीवर जाळीचा ओटा, तिथे एक भोक. त्यातून नळी घालून आतला वायू ओढायचा, धूळ कागदाच्या टोपीत अडकवायची, ती टोपी आधी आणि नंतर जोखायची. वजन घेताना तू पंखा बंद करायचास, श्वाससुद्धा बाजूला सोडायचास. उन्हाळ्यात घाम टपकून टोपी भिजली की पुन्हा वर चढायचं. पन्नाशी उलटल्यावरही तू चढत होतास. वर कोणीतरी गेलंच पाहिजे, एवढंच म्हणायचास.

आणि पारा. पाऱ्याने तुझी झोप उडवली होती. कोळशात तो अगदी थोडा असतो, पण कोळसा किती जळतो! "तो वाफ होऊन जाते," तू सांगितलंस. "वाफ पत्र्याले चिकटत नाही. माह्या एवढ्या मोठ्या पेट्या, अन् तो मधातून निघून जाते." वर गेलेला पारा पावसाने तळ्यात उतरतो, तळ्यातून मासळीत, मासळीतून पोटुशी बाईच्या पोटात. तू थर्मलजवळच्या तळ्याची मासळी सोडलीस. वहिनी चिडायची, कारण मासे तिच्या माहेरचं जेवण. मी तिचीच बाजू घ्यायचे.

त्याला धरायची युक्ती तुला सापडली होती. पाण्याच्या फिल्टरमध्ये असते तशी काळी भुकटी. ती पेट्यांच्या आधी वायूत फुंकायची. पारा भुकटीला धरतो आणि भुकटी पत्र्यांना. वर्षभर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरवून तू एका युनिटवर चार महिन्यांची ट्रायल मिळवलीस. पहिल्या आठवड्यानंतर फोन केलास तेव्हा तुझा आवाज असा होता की मला वाटलं मुलीचं लग्न ठरलं. "चिमनीतल्या वायूची बाटली पाह्य म्हन्तो मी लॅबातल्या राजय्याले," तू म्हणत होतास. "पारा पार उतरला. राखेत आला सगळा." मी 'अरे वा' म्हटलं. माझं लक्ष पोळीकडे होतं.

राखेत आला. ती राख कुठे येते ते तुला माहीत होतं आणि मलाही. माझ्याच घरी. हायवेच्या फाट्यावर अशोकचा राखेच्या विटांचा कारखाना, बोथ-इच्चोड्याकडचे आणखी सात जण तोच धंदा करणारे, सगळ्यांची राख तुझ्याच थर्मलची. त्या महिन्यात टिपर उलटला आणि राख काळी. वीट पडली तीही काळी, ओल्या पाटीसारखी. लोक म्हणाले वीट जळाली. जळायला आमच्याकडे भट्टी तरी आहे का? आमची वीट साच्यात दाबून पाण्यावर पिकते. पण सांगणार कोणाला? बांधकामाच्या एका गुत्तेदाराने वीट पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर घासली, बाही दाखवली आणि पूर्ण गाडी परत केली.

तू त्या रविवारी आलास. अशोक एरवी तुझ्यापुढे मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"दादा, तुमचा पारा आमच्या विटेत काऊन घालता? लोकायच्या भिंतीत आमी जहर द्याचं का?"

"तो भुकटीले घट्ट धरून असते, जावई. आपली वीट भाजत नाही, पान्यावर पिकते. भाजली तं उडून जाईन, पान्यानं नाही जात. मी तपासून पाह्यलं."

"तुमी तपासलं. गिऱ्हाईक रंग पाह्यते."

"मंग रंग पांढरा पाह्यजे म्हनून वरून जाऊ देऊ? तवा तो लोकायच्या छातीत जाते. त्याची दरखास्त कोन करते?"

मी मध्ये पडले. मी म्हटलं, "तीन तासावरच्या चिमनीचं आमाले काय सांगतं, दादा? आमचं पोट इथं हाय." तू ताट अर्धं ठेवून हात धुतलास. तुझ्या पाठीकडे बघत मला राग आला होता, आज सांगते. स्वतःचं कौतुक चाललंय, आमच्या घराचं काही पडलेलं नाही, असं वाटलं मला.

दोन दिवसांनी आठही वीटवाले आमच्या पुढच्या खोलीत जमले. चहा झाला. कोणाला लिहिता येईना, म्हणजे त्या ढंगाचं तेलुगू येईना, जे साहेबाच्या टेबलावर थांबतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमीच लिहा." आणि मी लिहिली. थर्मलच्या मुख्य साहेबाला दरखास्त. सुरेख लिहिली. राखेचा रंग बिघडला आहे, धंदा बसला आहे, भुकटी ताबडतोब बंद व्हावी.

मग मी थांबले. नुसत्या रंगावर कोण दखल घेतो? म्हणून मी एक ओळ वाढवली. ह्या राखेच्या विटा ठिसूळ होतात, भिंती कोसळून जीवितहानी होऊ शकते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अशोकनेही नाही. ती ओळ माझ्या डोक्यातून आली आणि तू शिकवलेल्या अक्षरांत कागदावर उतरली. आठ सह्या झाल्या. हात सवयीने खाली डाव्या कोपऱ्यात गेला. दस्तूरी. माझं नाव, माझ्या शाळेचं नाव.

महिन्याभरात ट्रायल थांबली. राख पुन्हा पांढुरकी आली. अशोकने पेढे आणले, आणि मी ते खाल्ले.

पुढच्या रविवारी तू आलास, जेवलास, पाणी प्यालास. मग म्हणालास, "दरखास्त चांगली लिहिलीस."

मी वाट पाहिली. "आखीन काही म्हनशील का नाही?"

"काय म्हनू? अक्षर तेच हाय."

एवढंच. त्यानंतर आपण सगळ्यावर बोललो. कापसावर, तुझ्या मुलीच्या नोकरीवर, माझ्या गुडघ्यांवर. ह्या एका गोष्टीवर नाही. फक्त एकदा तू ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर आलास आणि कोपऱ्यात पडलेल्या सगळ्या काळ्या विटा भरून नेल्यास. कशाला म्हटलं तर म्हणालास, परसाला भिंत पाहिजे. मी अशोकला म्हटलं होतं, दादाला टोमणा मारायला जागा लागते. ती ही भिंत. तेव्हापासूनचे सगळे पावसाळे तिने अंगावर घेतले आहेत. आत्ता अंधार पडायच्या आधी मी खिळ्याने एक कोपरा खरवडून पाहिला. खिळा वाकला.

तुला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही वयावर ढकललं. मग आदिलाबादचा दवाखाना, मग ऑक्सिजन. फुफ्फुसं आकसली म्हणाले डॉक्टर. कशाने, ते कोणी लिहून दिलं नाही, आणि मीही उगाच काही लिहिणार नाही. त्या शेवटच्या दुपारी मी तुझ्याजवळ होते. बोटाला मशीनचा चिमटा. तू मास्क बाजूला करून विचारलंस, "रीडिंग किती?" पडद्यावर होतं त्यापेक्षा मी बरंच वाढवून सांगितलं. तू डोळे मिटून घेतलेस. थोड्या वेळाने म्हणालास, "वाढवून नको सांगू बाई. हाय ते सांग."

मी खरा आकडा सांगितला. तू मान हलवलीस, जशी लॅबमध्ये हलवत असशील. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, कारण बोलण्याएवढा श्वासच राहिला नव्हता. मला तेव्हा वाटलं की तू मशीनबद्दलच बोललास. परवापर्यंत मला तसंच वाटत होतं.

परवा राजय्या आला होता. तुझ्या लॅबचा मदतनीस, चिमणीवर तुझ्याबरोबर चढायचा तो. माणूस तेलुगू, पण माझ्याशी का कोण जाणे हिंदीत बोलला. जेवण झाल्यावर मला ह्याच भिंतीपाशी घेऊन आला. विटांवरून हात फिरवला.

"मॅडम, साब ये ईंट टेस्ट करे थे। तीन ईंट प्रेस में दबाके तोड़े। पुरानी ईंट के बराबर थी। थोड़ी ज्यादाच।"

मी विचारलं, कधी?

"आपकी अर्जी आई ना, तभी। बड़े साब बोले जवाब लिखो। साब लिखे भी। शिकायत झूटी है, रिपोर्ट साथ में है, ट्रायल चालू रखो। मैं टाइप कराके लाया। फिर साब अर्जी का नीचे का कोना देखे।"

मी विचारलं, मग?

"बोले, राजय्या, ये जवाब गया तो दस्तूरी वाले को मेमो जाता। सरकारी टीचर है। झूटी शिकायत लिखी बोलके नौकरी पे आता। वो जवाब फाड़ दिए। दूसरे कागज पे लिखे, कुछ कहना नहीं है।"

दादा, भुकटीची उरलेली पोती म्हणे अजून थर्मलच्या शेडमध्ये आहेत. ओल धरून दगड झाली आहेत.

आता मी तुझ्यावर चिडले आहे, आणि चिडायला तू समोर नाहीस. कोणी विचारलं होतं तुला? मेमो आला असता तर आला असता. चार महिने सस्पेंड झाले असते, घरी बसून पापड लाटले असते. तुझं एक वाक्य, "खोटं लिहिलंस गं," एवढंच ह्या परसात उभा राहून म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी ती ओळ परत घेतली असती. घेतली असती का? तुला खात्री नव्हती, आणि खरं सांगू, मलाही नाही. पेढे खाल्ले होते मी. पण विचारायचं तरी होतंस. तू आयुष्यभर एकेका कागदी टोपीचं वजन जीव मुठीत धरून घेतलंस, आणि माझ्यासाठी 'कुछ कहना नहीं' लिहिलंस. तुझ्या सगळ्या रीडिंगांमध्ये ते एकच खोटं होतं. ते मी तुझ्याकडून लिहून घेतलं.

आणि एवढं चिडूनही पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीशी येते. मी तुझं काम बुडवलं, आणि तू त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या घरी येऊन जेवलास. दुसरा भात वाढ म्हणालास. मी वाढला. किती वर्षं तू मला असा वाचवत होतास आणि मी समजत होते की तू रुसला आहेस.

काल मी नवी दरखास्त लिहिली. तेलुगूत, हाताने. लिहिलं की मागच्या दरखास्तीतली 'विटा ठिसूळ होतात' ही ओळ मी मनाने घातली होती, ती खोटी आहे, वीटवाल्यांचा त्यात दोष नाही. काळ्या विटांची भिंत बोथमध्ये उभी आहे, कोणीही येऊन तपासावी. पारा धरणारी भुकटी पुन्हा सुरू करावी आणि पेट्यांतून सुटणाऱ्या बारीक धुळीची रीडिंगं गावाच्या फळ्यावर लावावीत.

राजय्याने सांगितलं ते आधी सांगून अशोकला वाचून दाखवली. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. "दादाचं कर्ज... नाही, तसं नाही म्हनत मी," तो म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "मी सही केली तं उद्या वीट कोन घेईन? बाकीचे मले उभं करतीन का? अन् तुही नोकरी?" मी त्याला दोष देत नाही. बाकीच्या सातांपैकी दोघांकडे आज सकाळी जाऊन आले. एकाने चहा दिला, एकाने तोही नाही. सही कोणाचीच मिळाली नाही.

मागणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, असं बाबा म्हणायचे. ह्या वेळी मागणारं कोणी नाही, म्हणून वरच्या जागीही मीच सही केली. एक प्रत थर्मलला आणि एक माझ्याच शिक्षण खात्याला. दुपारी बोथच्या पोस्टातून दोन्ही रजिस्टर करून आले. मेमो यायला महिना लागेल, कदाचित कमी. भुकटी सुरू होईल असं मला वाटत नाही. वाढवून सांगत नाही तुला, आहे ते सांगते.

खाली डाव्या कोपऱ्यात दस्तूरी लिहिली आहे. माझं नाव आहे, शाळेचं नाव आहे.

अक्षर तेच आहे, दादा.